रियाज नावाचं फोल्डर

"दिसलं गं आई, फोल्डर दिसलं!" मी ओरडले.

दोन दिवस माझी खटपट चालली होती. आई मुलींना गाणं शिकवायची, तेव्हाची सगळी रेकॉर्डिंग्ज एका जुन्या सॉफ्टवेअरमध्ये होती आणि ते आता घरातल्या कुठल्याच कॉम्प्युटरवर चालत नव्हतं. म्हणून मी माझ्या लॅपटॉपमध्येच व्हर्च्युअल मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत आणखी एक नकली कॉम्प्युटर, करून त्यावर जुनं विंडोज बसवलं. पण आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरवरचं 'रियाज' फोल्डर शेअर करूनही त्या जुन्या विंडोजला सापडेना. आज नेटवर्कचं सेटिंग बदलल्यावर ते उघडलं.

आई शेजारी येऊन बसली. कॅन्सरमुळे तिचं स्वरयंत्र काढून सहा महिने झाले होते.

मी पहिली फाइल लावली. "घाई नको गं. षड्जावर नीट थांब," स्पीकरमधून आईचा आवाज आला आणि पाठोपाठ तिने लावलेला स्वच्छ षड्ज.

आईने डोळे मिटले. तिचे ओठ हलले, मान ताठ झाली. पण गळ्यातल्या छिद्रातून नुसती हवा आली.

"बंद करू?" मी विचारलं.

तिने मानेनेच नको म्हटलं. फाइल संपेपर्यंत ऐकत राहिली. मग पाटीवर लिहिलं, "मुलींना सगळं पाठव. मला मात्र पुन्हा ऐकवू नकोस."