कळपाबाहेर

डॉक्टरांनी बॅटरीचा उजेड टिकलीच्या तोंडात धरला आणि लगेच विझवला. पुण्याहून आलेला रिपोर्ट टेबलावर उघडा होता.

"जिभेखालची गाठ कॅन्सरचीच आहे."

शिरूरच्या जनावरांच्या दवाखान्यात गेणबा उपरण्याने अर्धा चेहरा झाकून बसले होते. टिकली, त्यांची म्हातारी मांजर, पुन्हा त्यांच्या मांडीवर आली. शेजारी त्यांची मुलगी धनश्री होती. ती दौंडच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. या कामासाठी रजा काढून आली होती.

"खाते का काही?" डॉक्टरांनी विचारलं.

"दुधात कुस्करलेली भाकर तेवढी जाती," गेणबा म्हणाले. "गरम झोंबतं. सकाळी उशी वली असती. कवाकवा रगतबी."

उशीचं ऐकून धनश्रीला नवल वाटलं नाही. आबा दिवाळीपासून गोठ्यात झोपत होते. आजारी मांजरापायी म्हाताऱ्याने घर सोडलं, असं तिने धरलं होतं. फोनवर त्यावरून त्यांना चिडवलंही होतं.

डॉक्टर म्हणाले, "पुण्याला नेऊन जबड्याचा भाग काढता येईल. मग नळीने भरवायचं. या वयात फार तर काही महिने मिळतील. नाहीतर दुखणं कमी करायचं औषध देऊन घरीच ठेवायचं. तिला विचारता येत नाही. ठरवायचं तुम्हीच."

गेणबांनी वेगळंच विचारलं. "ह्यो रोग दुसऱ्याला लागतो का?"

"नाही."

"एका ताटात खाल्लं तरी? तान्ह्या पोराला घेतलं तरी?"

"तरीही नाही, आबा."

गेणबा टिकलीच्या कानामागे बोट फिरवत राहिले.

कवठ्याच्या रस्त्याला गाडी लागल्यावर ते म्हणाले, "तू शिकल्याली हायेस. तू सांग काय करायचं."

आठवडाभर वाचून तिचं उत्तर तयार होतं. "ऑपरेशन नको, आबा. म्हातारं जनावर आहे. तोंड कापायचं, नळी घालायची, ते आपल्या समाधानासाठी. तिला दुखू द्यायचं नाही, एवढंच बघू."

"व्हय. नीट बोललीस."

ते भांडतील असं तिला वाटलं होतं. त्यांचा आवाज मात्र हलका झाला होता. तो हलकेपणा तिला आवडला नाही.

गेणबांची अर्धी हयात मेंढरांमागे गेली होती. तोंडाला फोड आलेली मेंढी दिसली की ते तिला कळपातून काढत आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला लांब बांधत. तिचं पाणी वेगळं. तिला लागलेला हात धुतल्याशिवाय कोकराला लावायचा नाही. मेंढरं विकून शेती धरली, तरी हे त्यांच्या हाडात राहिलं होतं.

घरी पोचल्यावर त्यांनी टिकलीला सुनेच्या, प्रगतीच्या, हातात दिलं आणि ते गोठ्यात गेले. खाट डोक्यावर घेऊन आले. मग आपलं ताट आणि तांब्या आणला. दोन्ही घरातल्या भांड्यांत ठेवली. कोपरापर्यंत हात धुतले आणि पाळण्यातल्या नातवाला उचललं. तो जन्मल्यापासून पहिल्यांदाच.

"बरं झालं बाई," प्रगती म्हणाली. "थंडीभर आत या म्हणून सांगत होतो. ऐकतील तर ना."

"टिकलीला सोडून झोपवत नसेल त्यांना," धनश्री म्हणाली.

"टिकलीला? ती कशाला जातीय गोठ्यात? रोज माझ्या पायाशी असती की."

धनश्री वळली.

गेणबांनी बाळाला परत पाळण्यात ठेवलं. पाळण्याला एक झोका दिला. मग दारातल्या उजेडात येऊन ते तिच्यासमोर उभे राहिले आणि तोंडावरचं उपरणं खाली ओढलं.

"टिकलीचं ठरवलंस, तेच माझंबी धर, धनू," ते म्हणाले आणि त्यांनी तोंड उघडलं.