शेवटची छोटी बंदूक

शेरीफचा हवालदार कोर्टाचा हुकूम वाचताना अडखळत होता. त्याला बंदूक धरायला म्हाताऱ्या ऑर्विलनेच शिकवलं होतं. "माझ्याच घरातून माझ्या बंदुका नेणार? हक्क आहे माझा! कोणी चहाडी केली रे?" म्हातारा गरजला. लोर्नाने मान खाली घातली. आई गेल्यापासून बाबा हरणांच्या शिकारीच्या मोसमातही घराबाहेर पडले नव्हते. जिवाचं बरंवाईट करून घेतील, या नुसत्या भीतीने त्यांच्या बंदुका काढून घ्याव्यात असा अर्ज पोटच्या पोरीनेच कोर्टात केला होता. ऑर्विलने एकेक बंदूक टेबलावर ठेवली, प्रत्येकीचा बोल्ट मागे ओढून, आत रिकामं दाखवून. गावाला त्यानेच लावलेली शिस्त. शेवटची छोटी, लोर्नाच्या दहाव्या वाढदिवसाची, त्याने न उघडताच तिच्या हातात दिली. तिने सवयीने बोल्ट ओढला. जिवंत काडतूस बाहेर पडलं आणि टेबलावरून घरंगळत त्याच्यापुढे थांबलं. त्याने वर पाहिलं नाही. "तुला कसं गं कळलं, पोरी?"