लाल ठिपक्याचं डोंगल

घरी इंटरनेट कुठलं घ्यायचं ते ठरवायला धाकट्याने तीन कंपन्यांची डोंगलं आठवडाभरासाठी मागवली. ओळखायला त्यांच्यावर हिरवा, निळा आणि लाल ठिपका लावला आणि स्वयंपाकघरापासून न्हाणीघरापर्यंत वेग मोजत घर पालथं घातलं.

"अरे, ताईला स्थळ बघताना तुझ्या बाबांनीही एवढी चौकशी केली नव्हती," कपड्यांच्या घड्या घालता घालता आई म्हणाली.

रोज संध्याकाळी परगावच्या ताईला व्हिडिओ कॉल लावायचं काम आईकडे; आज हे डोंगल, उद्या ते. हिरवं वाऱ्यासारखं पळालं, निळं त्याच्या पाठोपाठ. लाल म्हणजे मात्र शुद्ध गोगलगाय! दर मिनिटाला ताईचा चेहरा तोंड उघडं ठेवून जागच्या जागी थिजायचा.

रविवारी धाकट्याने आकड्यांचा तक्ता आईपुढे धरला. "बोल, कुठलं ठेवू? सगळ्यात जास्त कॉल तुझेच असतात."

"लाल."

त्याने कपाळावर हात मारला. "अगं, ताईचं एक वाक्य धड पोचत नाही त्याच्यावर!"

"माहितीये की," आई चष्मा पुसत म्हणाली.



"हिरव्यावर ती 'बरी आहेस ना' विचारून दोन मिनिटांत मोकळी होते. लालवर अर्धा-अर्धा तास 'आई... आई, आहेस ना गं?' करत हाका मारत बसते."