बाळाचा रिपोर्ट

"बाळ ठणठणीत आहे," डॉ. तोनेवा म्हणाल्या.

नेवेनाने तोंडावर हात धरला. एक्केचाळीसावं वर्ष, आधीची दोन पोटातच गेलेली, आणि यावेळी रक्ताच्या तपासणीत दोनदा बिघाड दिसलेला. मग पोटात सुई घालून बाळाभोवतीचं पाणी तपासायला काढलं होतं. त्यानंतरचे बारा दिवस तिने कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. काहीही निघालं तरी हे मूल ठेवायचं, असं प्लोवदिवला येताना बसमध्येच तिने सासूला सांगून टाकलं होतं.

"अगदी नक्की?"

"पाण्याचा रिपोर्ट साफ आहे. सोनोग्राफीसुद्धा."

नेवेना उठली. दोन्ही हातांनी तिने डॉक्टरांचा हात धरला, आभार मानले, खुर्चीवरचा कोट उचलला. सासू, स्तांका, जागची हलली नाही.

"बस, पोरी," ती म्हणाली. "त्यांचं बोलणं संपलेलं नाही."

डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली. "ते रक्त तुमचं असतं, नेवेना. त्यात बाळाचे अंश उतरतात, म्हणून आपण ते तपासतो. दोन्ही वेळा त्यात बिघाड दिसला. बाळात तो नाही. मग तो कुणाचा?"

नेवेना कोट मांडीवर घेऊन परत बसली.

"वजन उतरलंय तुमचं. झोपेत घाम येतो?"

"दिवस गेल्यावर येतोच की."

"मान बघू जरा."

डॉक्टरांची बोटं मानेखाली, हासळीच्या हाडावर थांबली. त्यांनी नेवेनाचंच बोट तिथे नेऊन ठेवलं. द्राक्षाएवढी गाठ होती, दुखत नव्हती. गळ्यातली साखळी रोज तिच्यावरूनच रुळत होती.

"कॅन्सरचा संशय आहे मला. उद्याच गाठीचा तुकडा काढून तपासू. तसं निघालं तरी बाळाला सांभाळून औषधं देता येतात. फक्त उशीर नको."

शब्द कानावर पडत होते, अर्थ लागत नव्हता.

"पण मी तर बाळासाठी आले होते," नेवेना म्हणाली.

पर्समधला फोन वाजला. नवरा होता, कालोयान. ट्रक घेऊन तो ऑस्ट्रियाच्या वाटेवर होता.

"काय म्हणाल्या गं?"

"बाळ बरं आहे."

पलीकडे तो मोठ्याने हसला, भोंगा वाजवला, आणि बोलतच सुटला. नेवेनाने फोन सासूपुढे धरला.

स्तांकाने तो दोन्ही हातांत घेतला.

"कालोयान," ती म्हणाली, "आधी गाडी कडेला घे."