पलीकडची बाजू

"चौदाचा नको, अठरा इंची बार घ्या," दुकानदार तिसऱ्यांदा म्हणाला. धाकटा हातातला आखूड पात्याचा छोटा चेनसॉ खाली ठेवेना.

"फांद्या छाटायला हा झकास. हलका आहे. पण तुमचा बुंधा सोळा इंचांचा. त्याला चौदाचा बार म्हणजे आखूड पांघरूण. पाय झाकले की डोकं उघडं."

"दोन्ही बाजूंनी कापीन."

"पलीकडे उभं राहायला जागा आहे?"

उत्तर स्टुलावर बसलेल्या धाकट्याच्या वहिनीने दिलं. "पाऊलभर. पुढे सरळ कडा."

सोमवारी ते झाड पाडायचं होतं. धाकटा खालच्या आवाजात म्हणाला, "लांब बारचं टोक पलीकडे निघतं, वहिनी."

दुकानदाराने नजर काउंटरकडे वळवली. ती हकिकत त्याला ठाऊक होती. दोन वर्षांपूर्वी थोरला भाऊ असाच पलीकडून पाचर ठोकत होता. धाकट्याच्या बारचं टोक बुंध्यातून आरपार गेलं. कानांवर आवाज अडवणाऱ्या जाड वाट्या होत्या. थोरला ओरडला असेल, तरी धाकट्याला ऐकू आलं नाही, आणि थोरला गेला. तेव्हापासून त्याने बुंध्याहून लांब बार हातात धरला नव्हता.

"पलीकडे कोण आहे आता?" वहिनी म्हणाली. "आता तुम्हालाही त्या कड्यावरून घालवायचं का मी? अठराचा घ्या, भाऊजी."

धाकट्याने छोटा चेनसॉ ठेवून दिला.

दुकानदाराला हायसं वाटलं. त्याने मोठ्या मशीनमध्ये तेल भरलं आणि दोघांना मागच्या अंगणात नेलं. ऊन लख्ख होतं, वारा अजिबात नव्हता. भिंतीला पांढऱ्या पुठ्ठ्याचा मोठा ताव ठोकलेला होता. मशीन चालू करून बारचं टोक पुठ्ठ्यासमोर धरायचं. साखळीवरचं तेल उडतं आणि पुठ्ठ्यावर रेघ उमटते. रेघ आली म्हणजे साखळीला तेल मिळतंय.

"बुंधा कापताना धरता तसं आडवं धरा, आणि हळूहळू उजवीकडे सरका," दुकानदार म्हणाला.

धाकटा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकला. तेलाची रेघ आली. मधेच तुटली, पुढे पुन्हा सुरू झाली.

"खटक्यावरून बोट सुटलं असेल," दुकानदार म्हणाला. पण इंजिनाचा आवाज कुठेच उतरला नव्हता. त्याने स्वतः मशीन घेतलं आणि थोडं खाली धरून तसाच सरकला. त्याची रेघ अखंड आली.

"बघा. मशीन ठणठणीत आहे. पुन्हा करा."

धाकट्याने पुन्हा केलं. या वेळी आणखी खाली. रेघ त्याच जागी तुटली, बरोबर पहिल्या खंडाच्या खाली. जणू पुठ्ठ्याच्या आणि टोकाच्या मधे काहीतरी उभं होतं. धाकट्याने मशीन बंद केलं.

वहिनी स्टुलावरून उठून केव्हाच मागे येऊन उभी राहिली होती. ती पुठ्ठ्याजवळ गेली. कोऱ्या जागेवर तिने अंगठा टेकवला, बोटं ताणली. एक वीत. पुन्हा एक वीत. नवऱ्याचे सगळे सदरे तिनेच शिवले होते, आणि खांदा मोजायला तिला कधी टेप लागली नव्हती.

बराच वेळ तिने हात तिथून उचलला नाही.

"चौदाचाच द्या," ती दुकानदाराला म्हणाली.

"अहो ताई, आणि तो कडा?"

तिने पदराने बोटांचं तेल पुसलं आणि दिराकडे पाहिलं.

"कड्याला घाबरू नका, भाऊजी. त्या बाजूला हे आहेत."