बिनविरोध

नुकतीच लढाई थांबलेल्या एका देशातले चार पाहुणे गावचा कारभार शिकायला संभाजीनगरहून पिशोरपलीकडच्या वाडीवर आले. सरपंच नानासाहेबांनी त्यांना फेटे बांधले. मागं भिंतीला टेकून बानाबाई दातओठ खात उभी होती. मागच्या निवडणुकीला तिनं सरपंचपदाचा फॉर्म भरला, तर याच माणसानं तिच्या मेंढरांचं पाणी तोडलं होतं. तिसऱ्या दिवशी फॉर्म मागं घेतला, तेव्हा कुठं हौद उघडला.

"आमच्या गावात एकी लई," नानासाहेब मिशीवर हात फिरवत म्हणाले. "पंचवीस वर्षांत मतदानच नाय. सरपंच बिनविरोध. कधी मी, कधी आमची मंडळी. सांगा त्यांना."

दुभाषी श्रेयानं इंग्रजीत सांगितलं. पाहुण्यांतल्या म्हाताऱ्यानं डोक्यावरचा फेटा काढून मांडीवर ठेवला आणि हळूच काहीतरी म्हणाला. श्रेयानं चोरून नानासाहेबांकडं पाहिलं.

"काय म्हणला त्यो? सांग की मोठ्यानं," बानाबाई मागून कडाडली.



"ते म्हणतात, आमच्याकडेही पंचवीस वर्षं बिनविरोधच होतं. लढाई त्याच्यावरूनच पेटली."