चंद्रीचा ढेकर

मुलीचे वडील विश्वासराव स्थळ पाहायला आले आणि घरात शिरण्याआधी रिवाजाप्रमाणे गोठ्याकडे वळले, तशा मुलाच्या आई यमुनाबाई लगबगीने त्यांच्यामागे गेल्या. गाईंच्या खुराकात ती नवी भुकटी आल्यापासून स्थळं अशीच पाहत. भुकटीतल्या जिवाणूंमुळे गाईचं पोट ठीक असलं की तिच्या ढेकराला बकुळीचा वास येई, बिघडलं की आंबलेल्या ताकाचा. गाईला जपणारं घर सुनेलाही जपेल, असं लोक धरून चालत.

घरच्या गाईने, चंद्रीने मान उंचावून ढेकर दिला. गोठाभर आंबलेलं ताक!

विश्वासरावांनी नाकाला रुमाल लावला. "हिला घालता तरी काय?"

"कडबा, पेंड... आणि आज पुरण शिजलं म्हणून सकाळी गोग्रासाची एक पोळी," यमुनाबाई पुटपुटल्या.

"एक मीपण दिली," त्यांचे सासरे खाकरले.

"मीही," धाकटी जाऊ म्हणाली.

नवरदेव सुयोगने मान खाली घातली. "मी चार. ती माझ्याकडेच बघत होती."

यमुनाबाईंनी कपाळावर हात मारला आणि खायच्या सोड्याचं पाणी चंद्रीला बाटलीने पाजलं. पाहुण्यांची जेवणं उरकेपर्यंत ती निवांत रवंथ करू लागली आणि बकुळीचा घमघमाट थेट पंगतीत आला.

विश्वासराव पोटावरून हात फिरवत उठले. "स्थळ पसंत! पोर इथं उपाशी राहायची नाही. फक्त तिच्यासाठीही थोडा सोडा भरून ठेवा."